पाचशे रुपयांची स्लिप

दावा होता २,३७,००० रुपयांचा आणि तो सगळाच्या सगळा ५०० रुपयांच्या एका भरणा-स्लिपवर उभा होता. वादी एक एआरसी, म्हणजे बँकांची आणि फायनान्स कंपन्यांची थकलेली कर्जं घाऊक विकत घेणारी कंपनी. प्रतिवादी आमच्याच तालुक्यातले, सूतगिरणीत जॉबर म्हणून नोकरी केलेले गृहस्थ. सगळं गाव त्यांना मामा म्हणतं, त्यांची वकील म्हणून मीही तेच म्हणते. कोर्ट सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याचं, कनिष्ठ स्तर. वसुली वीस लाखांच्या आतली असली की ती कर्जवसुली न्यायाधिकरणात जात नाही, आमच्याकडे येते. आली की बहुतेक वेळा एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे प्रतिवादी हजर नसतानाच वसुलीचा निकाल, होतो, कारण समन्स हातात पडल्यावर माणूस घाबरून ते कपाटात ठेवतो आणि कुणाला सांगत नाही. मामांनी मात्र समन्स घेतलं आणि तडक माझ्या ऑफिसची पायरी चढले, सोबत जावयाला घेऊन.

हकीकत साधी होती. २०१३ च्या दसऱ्याला शोरूममध्ये ऑफर होती. फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन मिळून ८५,००० चं कर्ज, चोवीस हप्ते. पहिला हप्ता नोव्हेंबरचा. आठ हप्ते वेळच्या वेळी गेले. पुढं २०१४ च्या पावसाळ्यात गिरणीला कुलूप लागलं, पगार थांबला, हप्तेही थांबले. शेवटचा हप्ता कराराप्रमाणे ऑक्टोबर २०१५ मध्ये देय होता. मुदत कायद्यानं अशा वसुलीला तीन वर्षं मिळतात. कंपनीच्या बाजूनं सगळ्यात सढळ हिशेब धरला, म्हणजे अगदी शेवटच्या हप्त्यापासून मोजलं, तरी ऑक्टोबर २०१८ ला मुदत संपली. दावा दाखल झाला नोव्हेंबर २०२१ मध्ये.

मग दावा नोंदवून घेतला कसा? वादपत्रात 'दाव्यास कारण' या परिच्छेदात एक ओळ होती: प्रतिवादीने १२ फेब्रुवारी २०१९ रोजी रु. ५०० भरून कर्ज मान्य केले, सबब दावा मुदतीत आहे. फेब्रुवारी २०१९ अधिक तीन वर्षं, म्हणजे फेब्रुवारी २०२२. वाचणाऱ्याला वाटावं, ठीक आहे की. वास्तविक मुदत कायद्याचं कलम ३ सांगतं की प्रतिवादीनं हरकत घेतली नाही तरी मुदतबाह्य दावा कोर्टानं फेटाळायचाच. पण समोर कुणी उभंच नसलं आणि वादपत्रात अशी ओळ असली, की ढिगातल्या त्या फाइलचं काय होतं हे वकिलांच्या बारमधल्या कुणालाही विचारा.

मी मामांना विचारलं, "हे पाचशे तुम्ही भरले?"

"दिलं की. एक पोरगं आलतं मोटारसायकलवरनं. म्हणालं, मामा, फक्त पाचशे द्या, साहेबांना दाखवतो, तुमची केस क्लोज होती."

वसुलीवाले हे पाचशे कशासाठी मागतात ते नीट समजून घ्यायला हवं, कारण सव्वादोन लाखांच्या थकबाकीत पाचशेनं काय होणार? कलम १९ प्रमाणे मुदत चालू असताना कर्जदारानं काही रक्कम भरली आणि तो भरणा त्याच्या स्वतःच्या हस्ताक्षरात किंवा सहीनिशी नोंदलेला असला, की त्या तारखेपासून तीन वर्षं नव्यानं सुरू होतात. पाचशे रुपये देणाऱ्याला वाटतं पीडा टळली. घेणाऱ्याला हवी असते ती तारीख. पण त्या कलमात दोन अटी आहेत आणि आमच्या प्रकरणात दोन्ही लंगड्या होत्या. मुदत आधीच, चार महिन्यांपूर्वी संपलेली. आणि सही?

ही स्लिप वादीनंच मोठ्या हौसेनं दाखल केली होती, निशाणी २९. मी ती टेबलवरच्या दिव्याखाली धरून बघत बसले. बँकेची रोख भरण्याची स्लिप. निळ्या बॉलपेननं, झरझर, इंग्रजीत भरलेली. नाव, खाते क्रमांक, रक्कम. 'भरणाऱ्याची सही' या चौकोनात इंग्रजी आडवं फरकाटं, आणि त्याखाली एक मोबाइल नंबर. शेजारी कर्जाचा मूळ करार ठेवला. त्याच्या प्रत्येक पानावर मामांची सही, मराठीत, शाळेच्या पाटीवर काढावी तशी सुटी सुटी अक्षरं. नंतर सहज फाइल चाळताना वादीनं २०२० मध्ये पाठवलेली नोटीस हाताला लागली. तिच्या तळाशी 'तडजोडीसाठी संपर्क' म्हणून नंबर होता. मी तो दोनदा ताडून पाहिला. स्लिपवरचाच.

कैफियत, म्हणजे दाव्याला प्रतिवादीचं लेखी उत्तर, लिहायला घेतली तेव्हा खरी अडचण मामांकडून आली. "ताई, पैसे मी घेतलेत. घेतलं न्हाई म्हणून लिवू नका. म्हातारपणी कोर्टात खोटं बोलायचं न्हाई." मी सांगितलं, खोटं काहीच लिहायचं नाही. कर्ज घेतलं हे कबूल, गिरणी बंद पडली हे कबूल, पण दावा लावायची मुदत गेली हे आपलं म्हणणं. त्यांना ते फारसं पटलं नाही. मला स्वतःला मुदतीचा बचाव घेताना कधी संकोच वाटलेला नाही. दोन हप्ते चुकले की दिवसाला दहा फोन करणाऱ्या कंपनीला दावा लावायला इतकी वर्षं सुचत नाही, आणि दरम्यान व्याजावर दंड आणि दंडावर व्याज चढत राहतं, हे मला संकोचण्यासारखं वाटतं. कर्जाच्या खरेदीखताची त्यांनी मोजकीच पानं दाखल केली होती आणि हा सगळा गठ्ठा केवढ्याला घेतला तो आकडा काळ्या शाईनं झाकलेला. त्याही हरकती मी कैफियतीत घेतल्या, पण युक्तिवादात त्यांच्यावर वेळ घालवला नाही. भरमसाट मुद्दे मांडले की चांगला मुद्दा त्यांत हरवतो.

२०२३ मधल्या ज्या तारखेला साक्षी झाल्या, त्या दिवशी बोर्ड, म्हणजे दिवसभराच्या प्रकरणांची यादी, हलकं होतं. वादीतर्फे कंपनीचा एक अधिकारी पुण्याहून आला होता. पंचविशीतला, इस्त्रीचा शर्ट, हातात जाड फाइल. सरतपासणीचं, म्हणजे त्याच्या स्वतःच्या जबानीचं, प्रतिज्ञापत्र आधीच दाखल होतं. मी उलटतपासणीला उभी राहिले.

"कंपनीत कधी लागलात?" "२०२१." "म्हणजे फेब्रुवारी २०१९ चा भरणा तुमच्यासमोर झालेला नाही?" "नाही." निशाणी २९ दाखवली. हस्ताक्षर कुणाचं? सांगता येणार नाही. करारावरची सही दाखवली, ही प्रतिवादीची? हो. स्लिपवरची सही तिच्यासारखी दिसते? तो जरा थांबला. "नाही दिसत." मग स्लिपवरचा मोबाइल नंबर त्याला मोठ्यानं वाचायला लावला आणि नोटीस हातात दिली, खालचा नंबर वाचा म्हटलं. निम्मा नंबर वाचून झाल्यावर त्याचा आवाज बसला. न्यायाधीश साहेबांनी मान वर करून दोन्ही कागद मागून घेतले, स्वतः पाहिले आणि टंकलेखकाला सावकाश सांगितलं, "हे म्हणणे खरे आहे की, निशाणी २९ वरील मोबाइल क्रमांक व वादीचे नोटिशीवरील संपर्क क्रमांक एकच आहे." मी तिथंच थांबले.

दुपारनंतर मामा पिंजऱ्यात. समोरचे वकील आमच्याच बारमधले, ज्येष्ठ आणि सभ्य. त्यांनी थेट विचारलं, "कर्ज घेतलं होतं ना?"

"घेतलं होतं."

"फेडलं?"

"आठ हप्ते. पुढं न्हाई जमलं."

"वस्तू अजून वापरता?"

"टीव्ही गेला. फ्रिज हाय. आवाज लई करतो."

मागच्या बाकावर खसखस पिकली. साहेबांनीही खाली बघून घेतलं. "फेब्रुवारी २०१९ मध्ये पाचशे रुपये दिले हे खरं?" मामा म्हणाले, "खरं हाय. त्या पोराच्या हातात दिलं. मी बँकेत गेलो न्हाई, कुठं सही केली न्हाई. पावती मागितली तर म्हणालं, मोबाइलवर येईल. माझा मोबाइल बटनाचा." वकिलांनी आणखी काही विचारलं नाही. विचारण्यासारखं उरलंही नव्हतं, कारण साक्षीदार सगळं कबूल करतो तेव्हा उलटतपासणी घ्यायची कशाची?

युक्तिवादात त्यांनी शेवटचा पत्ता काढला तो कोरोनाचा. सर्वोच्च न्यायालयानं १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला आहे, तो धरा. त्या आदेशानं कितीतरी पक्षकारांना तारलं आणि ते योग्यच होतं. पण तो जिवंत मुदतीला लागू पडतो. आमची मुदत टाळेबंदीच्या जवळजवळ दीड वर्ष आधी संपलेली. मी एवढंच सांगून खाली बसले. राहता राहिलं करार कायद्याचं कलम २५(३). मुदत संपलेलं कर्जही 'फेडीन' असं लेखी, सहीनिशी लिहून दिलं तर नव्यानं बंधनकारक होतं. तसा कागद फाइलमध्ये नव्हताच.

दावा मुदतबाह्य म्हणून फेटाळला गेला, खर्च ज्याचा त्याने सोसावा. निकालपत्रात पाचशे रुपयांवर पाऊण पान होतं.

बाहेर आल्यावर मामांनी विचारलं, "म्हंजे कर्ज फिटलं?" नाही, मी म्हटलं. कोर्टातून वसूल करायचा रस्ता बंद झाला, कर्ज तिथंच आहे. सिबिलला नोंद राहील, फोनही येतील. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर आला तर रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, नंबर लिहून ठेवा. कशावर सही करायची नाही, कुणाच्या हातात पैसे द्यायचे नाहीत.

"आणि मला मुद्दल द्यावंसं वाटलं तर?"

"तर आधी माझ्याकडे या. एकरकमी आकडा ठरवू, तो त्यांच्याकडून लेखी घेऊ, थेट खात्यात भरू आणि बेबाकीचा दाखला हातात घेऊ."

जावई मध्येच म्हणाला, "कशाला द्यायचं आता?" मामांनी त्याला गप्प बसवलं.

कंपनीनं अपील केलं नाही. पण पुढच्या वर्षी लोकअदालतीची दाखलपूर्व नोटीस, म्हणजे दावा लावण्याआधी तडजोडीला बोलावणारी, आली, त्याच कर्जाची. कंपनीच्या नावानं गठ्ठ्यानं निघतात त्यांतली एक. निकाल लागलेल्या दाव्याची दाखलपूर्व नोटीस! मामा निकालाची नक्कल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आले. मी म्हटलं, जायची सक्ती नाही, तडजोड तुमच्या मर्जीशिवाय होत नाही, गेलातच तर ही नक्कल दाखवा आणि कशावरही सही न करता परत या. ते गेले. संध्याकाळी फोन आला. नक्कल दाखवली, तिथल्या मॅडमनी नोटिशीवर काहीतरी लिहून घेतलं, आणि कंपनीचा माणूस मागं मागं फाटकापर्यंत आला.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, मामा, सध्या पाचशे तरी टाका."