पाणी लागलं का?

तिपाई उभी राहिली, इंजिन धडधडायला लागलं आणि पाइप जमिनीत शिरला, की दहा मिनिटांच्या आत कुणीतरी येऊन विचारतंच, "पाणी लागलं का?" धंद्याच्या पहिल्या वर्षी मी थांबून समजावून सांगायचो. ही पाण्याची बोअर नाही हो, सॉइल टेस्टिंगची आहे, इथे बिल्डिंग होणार आहे, खाली खडक कसा आहे ते बघतोय. सगळं ऐकून घेऊन माणूस म्हणायचा, "बरं. पण लागलं का?" आता मी नुसतं "अजून नाही" म्हणतो. दोघांचंही समाधान होतं.

पुण्यात शिवाजीनगरला एका टॉवरचं काम होतं, त्या प्लॉटवर मात्र हा प्रश्न कुणीच विचारला नाही. पहिल्या सकाळी टेम्पोतून पाइप उतरवत होतो, तर समोरचा चहावाला हातात गाळणी घेऊनच रस्ता ओलांडून आला. "साहेब, नक्की किती मजले?"

त्याच्याकडे आकडा होता 28. शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे 35. मागच्या सोसायटीतले एक निवृत्त काका रोज फिरायला जाताना थांबायचे, ते 50 च्या खाली यायला तयार नव्हते. आम्हाला खरा आकडा दिलेला असतो, कारण वजन किती येणार हे कळल्याशिवाय बोअर किती खोल न्यायची ते ठरत नाही. पण तो बाहेर सांगायचा नाही, असं वर्क ऑर्डरमध्येच लिहिलं होतं. म्हणून मी तिघांच्याही आकड्याला मान डोलावली.

माझा सिव्हिलचा डिप्लोमा. सहा वर्षं दुसऱ्याच्या लॅबमध्ये चाळण्या हलवल्या आणि 1995 मध्ये बायकोचे दागिने आणि पतपेढीचं कर्ज यांच्या जिवावर एक जुनी कॅलिक्स रिग, म्हणजे बोअर मारायचं यंत्र, घेतली. ऑफिस म्हणजे घराची गॅलरी, लॅब म्हणजे धायरीतलं पत्र्याचं शेड. हिशेब तेव्हाही हीच बघायची, आजही हीच बघते. उधारी मागायला मी गेलो तर चहा पिऊन परत येतो, ही गेली तर चेक घेऊन येते.

पहिली कामं मिळाली ती पेठांतल्या वाड्यांची. सदाशिव, नारायण, शुक्रवार. एकेक वाडा पडत होता आणि तिथे अपार्टमेंट उभं राहत होतं. (शनिवारवाड्याच्या आसपासची कामं पुढे आटलीच. संरक्षित स्मारकापासून 100 मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही, ते 2010 पासून फारच कडक झालं.) वाड्याच्या जागेत वरचे दीड-दोन मीटर म्हणजे नुसता भराव: खापऱ्या, चुना, राख, बांगड्यांचे तुकडे. त्याखाली पिवळी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण. बोअर लावायच्या आधी मालकाला विचारायचं, आड कुठे होता? शिवाय नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून गावात आणलेला पाण्याचा दगडी नळ आपल्या पाइपखाली येऊ नये, ही धास्ती वेगळीच. पण मला ही कामं आवडायची. मालकीणबाई वरच्या गॅलरीतून पोहे पाठवायच्या.

आमच्या वाटचालीत एक धोंडा आहे, तो सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. 2003 मध्ये एका टेकडीच्या पायथ्याला सहा मजल्यांचं काम होतं. आमच्याकडे 63.5 किलोचा हातोडा 75 सेंटिमीटरवरून पाडतात आणि नळी 30 सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागले ते मोजतात. पन्नास ठोक्यांतही नळी जागची हलेना, की त्याला रिफ्यूजल म्हणायचं. मग हातोडा बाजूला ठेवून हिऱ्याचा बिट लावायचा आणि खडकाचा कोअर, म्हणजे गोल दांड्यासारखा नमुना, काढायचा, किमान तीन मीटर. त्या साइटवर चार मीटर खोलीवर रिफ्यूजल आलं. आम्ही एक मीटर कोअर काढला. अखंड, काळाभोर, बघत राहावं असा. संध्याकाळ झाली होती, दुसऱ्या साइटवर जायला टेम्पो दारात उभा होता. तिथेच थांबलो आणि बाकीच्या बोअरही त्याच हिशेबाने उरकल्या.

खोदाई झाल्यावर आरसीसीवाल्यांनी, म्हणजे इमारतीचा सांगाडा डिझाइन करणाऱ्यांनी, बोलावून घेतलं. आमचा खडक म्हणजे टेकडीवरून कधीकाळी घरंगळत येऊन मातीत बसलेला धोंडा निघाला. खाली आणखी अडीच मीटर मुरूम. सगळ्या बोअर पदरचे पैसे घालून पुन्हा मारल्या. त्या बिल्डरने परत कधी काम दिलं नाही आणि त्याचं काही चुकलं नाही. त्या धोंड्याचा एक तुकडा माझ्या टेबलावर कागदांवर ठेवलेला असतो. ही त्याला "अडीच लाखांचा पेपरवेट" म्हणते.

मधली वर्षं पळापळीत गेली. ऑफिसं शहराबाहेर निघाली: हिंजवडी, मगरपट्टा, खराडी. आम्हीही त्यांच्यामागे रिग घेऊन निघालो. ज्वारीच्या रानात बोअर मारायची आणि दोन वर्षांनी तिथेच काचेची इमारत बघायची. आता वारं उलटं फिरलंय ते मेट्रोमुळे. सिव्हिल कोर्टाला दोन मार्गिका एकमेकींना छेदतात, खालचं स्टेशन सुमारे 33 मीटर खोल आहे. सप्टेंबर 2024 मध्ये तिथून स्वारगेटपर्यंतचा भूमिगत मार्ग सुरू झाला. हिंजवडीची तिसरी मार्गिकाही इथेच येऊन टेकायची आहे. शिवाय स्टेशनपासून 500 मीटरच्या आत जादा एफएसआय, म्हणजे तेवढ्याच प्लॉटवर जास्त बांधकाम. म्हणजे ज्या भांबुर्ड्यात (शिवाजीनगरचं जुनं नाव) जागा उरली नाही म्हणून ऑफिसं हिंजवडीला गेली, तिथे आता वरच्या बाजूला जागा निघाली.

आणि ती निघणार म्हटल्यावर सगळे कामाला लागले. चहावाल्याने स्टीलचा नवा ओटा करून घेतला. झेरॉक्सवाल्याचा जागामालक भाडं वाढवायची भाषा बोलायला लागला, तेही अजून एक घमेलं माती निघाली नसताना. काका मात्र सावध होते. 1961 च्या पानशेतच्या पुरात आपण काय काय पाहिलं ते मला तीन वेळा सांगून झालं. "नदी विसरत नाही," असं म्हणून ते चालायला लागायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा 50 मजल्यांवर यायचे. मला हसायला तोंड नव्हतं. आता अशी कामं रांगेने येणार म्हणून मीही बँकेचं कर्ज काढून नवी हायड्रॉलिक रिग घेऊन बसलो होतो.

बारा बोअर, प्रत्येकी 30 मीटर. ऑपरेटर मामा आमच्याकडे बावीस वर्षं आहेत, विजापूरकडचे. मामा मीटरकडे बघत नाहीत, बोअरमधून उलट येणाऱ्या पाण्याकडे बघतात. सहा बोअर सुरळीत गेल्या: गाळ, मुरूम, मग चांगला कातळ, मधेमधे पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या. सातव्या बोअरला, तेरा मीटरच्या पुढे, पाटीवरची पेन्सिल पुसल्यावर येतं तसं करडं पाणी बघता बघता विटकरी झालं. मामांनी काही न बोलता हात वर केला आणि रिग थांबवली.

माझी मुलगी जिऑलॉजी शिकलेली आहे, फर्ग्युसनला. ती बॅरल, म्हणजे कोअर ज्या नळीत येतो ती, उघडेपर्यंत थांबेना. एका दमात मारलेल्या दीड मीटरमधून हातात आला जेमतेम वीतभर तुकडा, बाकीचं पाण्याबरोबर वाहून गेलेलं. तांबडा, साबणासारखा गुळगुळीत. "बाबा, रेड बोल आहे." आपल्याकडचा खडक म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून झालेला. दोन थरांच्या मध्ये बराच काळ गेला, की खालच्या थराच्या पाठीवर ही तांबडी चिकणमाती तयार होते आणि वरून नवा लाव्हा येऊन तिला झाकून टाकतो. सुकी असली की विटेसारखी कडक. तिने एक तुकडा काचेच्या ग्लासात पाण्यात टाकला आणि चहा सांगितला. चहा येईपर्यंत ग्लासात नुसता लाल चिखल खाली बसला होता.

थर होता 13.40 ते 14.25 मीटरवर. तिसऱ्या बेसमेंटचा राफ्ट, म्हणजे पायाचा सलग स्लॅब, येणार होता बारा मीटरवर. म्हणजे एवढं सगळं वजन, त्याखाली दीड मीटरचं कातळाचं झाकण आणि त्याखाली हे. शिवाय पाणी अशा थराच्या डोक्यावरून वाट काढतं, म्हणजे खोदाईत पंप किती चालवावे लागणार ते आणखी निराळं. बारापैकी पाच बोअरमध्ये तो थर मिळाला, पाचही नदीच्या बाजूच्या.

मीटिंग झाली. समोरच्या बाजूच्या एका गृहस्थांनी खुर्ची जवळ ओढून घेतली आणि प्रेमाने सुचवलं की रिपोर्टमध्ये "स्थानिक स्वरूपाचा थर" असं लिहिता येईल का. बारातल्या पाचांना स्थानिक म्हणायचं तर मग बाकीच्या सातांनाही तसंच म्हणावं लागेल, असं मी म्हणालो. मुलीने टेबलाखालून माझा पाय दाबला. समोरची बाजू पैसे देणारी होती. रिपोर्ट जसा होता तसा गेला.

याला चौदा महिने झाले. आरसीसी कन्सल्टंट बेसमेंट दोनवर आणायचं की त्या थरातून खाली उतरायचं यावर आकडेमोड करतायत. लोहगावच्या विमानतळामुळे हवाई दलाचा उंचीचा दाखला लागतो, अग्निशमनचं निराळं, पर्यावरणाचं निराळं, त्यातही दिवस जातात. पण गल्लीत याचा सगळा दोष आमच्याकडे. परवा चहावाला म्हणाला, "साहेब, तुम्हीच म्हणे लाल निशाण दाखवलंत?" नव्या ओट्याचं स्टील तोवर काळवंडलं होतं. पत्र्याच्या कुंपणावरचं इमारतीचं चित्रही उन्हाने फिकटलंय. त्यात फुटपाथवर झाडं दाखवलीत, ती त्या रस्त्यावर कुठे लावणार कुणास ठाऊक. तीस मीटर खाली काय आहे ते मी शपथेवर सांगेन. वर बसणाऱ्या हजारो लोकांच्या दुचाक्या त्या गल्लीत कुठे लागणार, त्याची बोअर मात्र कुणी मारलेली नाही.

बिलाचे तीस टक्के अडकलेत. ही दोनदा जाऊन आली आणि पहिल्यांदाच चहा पिऊन परत आली. हायड्रॉलिक रिगचे हप्ते सुरू झाले आहेत. सध्या ती वाघोलीला एका शाळेच्या कामावर आहे, चार बोअरचं काम.

टॉवरच्या कोअरच्या पेट्या धायरीच्या शेडमध्ये आहेत. लाकडी, कप्प्याकप्प्यांच्या, प्रत्येक तुकड्यावर खोली रंगाने लिहिलेली. काम संपेपर्यंत त्या टाकायच्या नसतात, आणि काम तर सुरूच झालेलं नाही. मागच्या आठवड्यात कन्सल्टंटचा फोन आला: बाहेरचे एक तज्ज्ञ बोलावलेत, त्यांना सात नंबरच्या पेट्या उघडून बघायच्या आहेत, उद्या चालेल का? मामांना विचारलं तर ते म्हणाले, नको. सात नंबरवर टाकलेल्या गोणपाटात मांजर व्याली आहे, हलवली तर पिल्लं घेऊन रस्त्यावर जाईल. मी कन्सल्टंटला पुढच्या बुधवारी या म्हणून सांगितलं. तोवर पिल्लांचे डोळे उघडतील.