कबरीने टोचलं

आज आमच्या कबरी कोंबडीने आपल्याच पिल्लाला टोचलं. खळ्यात कण्या टाकल्या होत्या. थोराड झालेलं एक पिल्लू नेहमीसारखं तिच्या चोचीपुढचा दाणा उचलायला गेलं, आणि तिने त्याच्या डोक्यावर अशी चोच हाणली की ते ओरडत माडाच्या आळ्यात जाऊन उभं राहिलं. माझ्या काळजात चर्र झालं. सासूबाई मात्र सुपारी कातरता कातरता म्हणाल्या, "तुरो बघ गो तिचो, कसो लाल झालो! आता ती तेंका जवळ करूची नाय."

खरंच, तुरा लालभडक दिसत होता. दसऱ्यानंतर ती अंडी उबवायला खुडूक बसली तेव्हा तोच तुरा सुकून फिका पडला होता. (पावसात सासूबाई कुठल्याच कोंबडीखाली अंडी ठेवत नाहीत, भिजलेली पिल्लं जगत नाहीत म्हणून.) 21 दिवस अंड्यांवर. दिवसातून एकदा उठायची, घाईघाईने दाणा-पाणी, धुळीत अंग घोळायचं की परत टोपलीत. हाताला नुसती हाडं लागायची. अंडी फुटायच्या आदल्या दिवशी आतून बारीक चिवचिव यायला लागली, आणि वरून ही हलक्या आवाजात उत्तर देत होती. मी कान लावून ऐकलं. पहिली पिल्लं बाहेर आली तरी मागे राहिलेल्या अंड्यांसाठी ती हलली नाही. पिल्लांच्या पोटात बलकाची शिदोरी असते, तेवढा वेळ ती उपाशी राहत नाहीत.

मग खळ्यातले दिवस. कुंपणाचा वाळवी लागलेला दांडा आपटला की कबरी धावत यायची. वाळवी चोचीत धरायची, खाली टाकायची, परत उचलायची, तोंडाने 'कुट कुट कुट' चालूच. पिल्लांनी टिपेपर्यंत स्वतः गिळायची नाही. आणि माडांवर घार फिरायला लागली, की मान वाकडी करून एक डोळा आभाळाकडे. घशातून एक लांब, बारीक आवाज, की सगळी पिल्लं जास्वंदीखाली गडप! मुंगसासाठीची ओरड निराळी, खणखणीत. तरी एक पिल्लू मुंगसाने दगडी गडग्यापासून नेलंच. त्यानंतर दुपारपर्यंत ती त्याच गडग्यापाशी ओरडत फिरत होती.

2011 साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी पिल्लांवर हवेचा हलका झोत सोडून आयांकडे पाहिलं. स्वतःच्या अंगाला काहीच होत नसताना त्या कोंबड्यांच्या हृदयाचे ठोके वाढले. गडग्यापाशी फिरणारी कबरी पाहिल्यावर मला त्याचं नवल वाटत नाही.

आणि तीच आज टोचते. पण पिल्लांकडे नीट पाहिलं की कळतं. पाठीवरची लव जाऊन पिसं आली आहेत, मानेवर तेवढी अजून विरळ. आपली ऊब ती आता आपणच धरतात. गेले काही दिवस रात्री डालग्यात ती तिच्या पंखांखाली मावतच नव्हती. ही फुलून बसायची, तरी चहूबाजूंनी शेपट्या बाहेर. तिचं अंग आता पुन्हा अंड्यावर येतंय, त्यासाठी खायला हवंच. तिला निष्ठुर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. जेव्हा द्यायचं होतं तेव्हा तिने तोंडातला घास दिला आहे.

तिन्हीसांजेला ती डालग्याकडे फिरकलीच नाही, सरळ पेरूच्या फांदीवर चढली. पिल्लं खाली बराच वेळ ओरडली, मग एकमेकांना चिकटून बसली. त्यांना मी आत घेतलं, मुंगसाचा काय भरवसा. उद्यापासून त्यांच्या कण्या न्हाणीच्या बाजूला वेगळ्या टाकायच्या. आणि कबरीसाठी जुन्या टोपलीत पेंढा घालून ठेवायला हवा, नाहीतर ती लाकडांच्या माचात कुठेतरी अंडी घालत बसेल.