इकोत जाड, ईसीजीत बारीक

बाबांच्या हृदयाचं 'पंपिंग ५५ टक्के, म्हणजे चांगलं' असं प्रत्येक ठिकाणी सांगितलं गेलं. मग पाय का सुजतात? मासुंदा तलावाला एक फेरी मारताना मधेच बाकावर टेकावं का लागतं? डिस्चार्जच्या कागदावर 'हार्ट फेल्युअर' लिहून मोकळे झाले. पण ते कशामुळे, हे कुणी लिहिलं नव्हतं.

ठाण्यातल्याच एका हृदयरोगतज्ज्ञांनी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि ईसीजी शेजारी शेजारी ठेवले. इकोत हृदयाची भिंत १६ मिलिमीटर जाड आणि ईसीजीच्या रेषा मात्र बुटक्या. "बीपीने स्नायू वाढला असता तर रेषा सहसा उंच दिसल्या असत्या. इथे स्नायू वाढलेला वाटत नाही, त्यात काहीतरी साचलंय." मग त्यांनी एकदम विचारलं, "काका, हाताला मुंग्या यायच्या का कधी?" बाबांनी दोन्ही तळवे उलटे करून टेबलावर ठेवले. कार्पल टनेलच्या, म्हणजे मनगटात दबलेली नस मोकळी करण्याच्या ऑपरेशनचे दोन पांढरे व्रण. हृदयाच्या डॉक्टरला हात दाखवायचं आम्हाला कशाला सुचतंय!

आजाराचं नाव ट्रान्सथायरेटिन अमायलॉइडोसिस. ट्रान्सथायरेटिन हे प्रथिन आपल्या सगळ्यांच्या यकृतात तयार होतं. त्याचे चार भाग एकमेकांना धरून असतात. उतारवयात काहींच्या बाबतीत ते सुटतात, वेडेवाकडे दुमडतात आणि त्यांचे धागे मनगटात, कण्यात, हृदयात साचत जातात. हृदय जुन्या रबरासारखं ताठरतं. आकुंचन बरं दिसतं, पण सैल पडून भरणंच होत नाही. एके काळी दोन गोळ्या लागणारं बाबांचं बीपी आपोआप उतरलं, तेव्हा आम्ही पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते. तीही याच आजाराची खूण निघाली.

तपासण्यांचं मात्र नीट समजून घ्या. रक्त आणि लघवीच्या तपासण्या हृदयाच्या स्कॅनइतक्याच महत्त्वाच्या. कारण याचा एक भाऊबंद आहे, एएल अमायलॉइडोसिस. तो अस्थिमज्जेतल्या पेशींमुळे होतो, त्यात दिवस घालवून चालत नाही आणि उपचार रक्तरोगतज्ज्ञ करतात. त्यातही स्कॅन पॉझिटिव्ह येऊ शकतो, म्हणून नुसत्या स्कॅनवर विसंबायचं नाही. अस्थिमज्जेतल्या त्या पेशींची प्रथिनं शोधायला फ्री लाइट चेन आणि रक्त-लघवी दोन्हींचं इम्युनोफिक्सेशन, या तपासण्या हव्यात. लॅबवाल्याने नुसतं इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे त्याच प्रथिनांची ढोबळ तपासणी करून 'तेच आहे हो' म्हणत रिपोर्ट हातात दिला. तेच नसतं. पुन्हा सुई टोचावी लागली.

ते रिपोर्ट निर्धोक आल्यावर नवी मुंबईत तो हृदयाचा स्कॅन झाला, त्याला पीवायपी स्कॅन म्हणतात. टेक्नेशियम या किरणोत्सारी द्रव्याचं इंजेक्शन, मग ताटकळणं, मग कॅमेऱ्याखाली निजणं. पडद्यावर हृदय बरगड्यांपेक्षा उजळ दिसत होतं, म्हणजे ग्रेड ३. जनुक तपासणीत दोष नव्हता, म्हणून आम्हा भावंडांच्या मागची काळजी टळली.

टॅफामिडिस हे औषध त्या चार भागांना सुटू देत नाही. साचलेलं काढत नाही, म्हणून निदान लवकर होण्याला अर्थ आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने मृत्यू आणि हृदयविकारासाठी रुग्णालयात भरती होणं, दोन्ही कमी झाल्याचं दिसलं. किंमत ऐकून दादा खुर्चीत जरा मागे सरकला. औषधाचं अजून जुळवतोय. तोवर लघवीची गोळी, मोजकं मीठ आणि रोज सकाळी वजन. ते बाबा स्वतः कॅलेंडरवर लिहितात. एक-दोन दिवसांत दीड किलो वाढलं की डॉक्टरांना फोन करायचा, असं ठरलंय. लोणच्यावरून मात्र रोज भांडण होतं, आणि आई त्यांचीच बाजू घेते.