यान क्र. ३ : गोलाईचे सोळा रस्ते आणि कारखान्याचे दिवे

स्पीलबर्गच्या नव्या सिनेमात परग्रही यान कसं असेल, त्याच्या अंदाजाचं मॉडेल घरी बनवतोय, त्याची ही नोंद. आधी हिशेब देतो. यान क्र. १ कचऱ्यात गेलं. यान क्र. २ आईनं तुळशीच्या कुंडीखाली सरकवलंय. यान क्र. ३ अर्ध्याच्या थोडं पुढे आलंय. १२ जून २०२६ ला स्पीलबर्गचा 'डिस्क्लोजर डे' लागणार. त्याच्या आत हे पूर्ण झालं तर त्याला अंदाज म्हणता येईल, नंतर झालं तर नुसती नक्कल. म्हणून ही घाई.

डिसेंबर, टीझर आल्यावर

टीझर पाव वेगानं किती वेळा बघितला ते सांगत नाही, दुकानातल्या पोरांनी मोजलंय. एमिली ब्लंट हवामानाच्या बातम्या देता देता मध्येच तोंडानं टकटक आवाज काढायला लागते, तेवढं डोक्यात राहिलं. यान मात्र धड कुठं दिसत नाही. आता न दिसलेल्या गोष्टीवर भांडायला आपल्यासारखे मोकळेच. आमच्या चौघांत लगेच तीन तट पडले.

परभणीचा दोस्त 'टिक टॅक'वाला. नोव्हेंबर २००४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ अमेरिकी नौदलाच्या वैमानिकांनी जी पांढरी, बिनपंखांची, साधारण ४० फुटी गोळी बघितल्याचं सांगितलं, ती. त्याचं म्हणणं, सिनेमाच्या नावातच 'उघड करणं' आहे, म्हणजे अमेरिकी संसदेत २०२३ मध्ये आभाळातल्या अनोळखी वस्तूंबद्दल झालेल्या साक्षीपुराव्यांचं वारं त्याला लागलेलं असणार, मग यानही त्याच फायलींमधलं असणार. मुद्दा तसा बिनतोड आहे. नांदेडचा दोस्त काळ्या त्रिकोणी यानावर अडून बसलाय, कारण विचारलं तर "बघ तू" एवढंच. मी आणि भाचा तबकडीवाले.

तबकडीबद्दल एक गंमत. २४ जून १९४७ ला केनेथ अर्नोल्ड नावाच्या वैमानिकाला माउंट रेनियरजवळ नऊ चमकत्या वस्तू दिसल्या. त्या पाण्यावर फेकलेल्या बशीसारख्या टप्पे घेत जात होत्या, असं तो म्हणाला. बोलला चालीबद्दल, पेपरवाल्यांनी उचलला आकार, आणि तिथून पुढं सगळ्या जगाला बशाच दिसायला लागल्या. आपण तळ्यात ठिकरीच्या भाकऱ्या काढतो तीच ही चाल. तो वैमानिक आपल्याकडचा असता तर आज आपण 'उडत्या भाकरी'वर वाद घालत बसलो असतो.

यान क्र. १ याच आठवड्यातलं. थर्माकोलची दोन ताटं एकावर एक चिकटवली आणि वरून चंदेरी स्प्रे मारला. स्प्रेतल्या द्रावकानं थर्माकोल असा खाल्ला की पाच मिनिटांत लोणारचं विवर तयार. थर्माकोलवर स्प्रे मारायचाच असेल तर आधी फेव्हिकॉलचे दोन हात द्या. हे मला माहीत होतं, तरी केलं.

यान क्र. २ तव्यावर बेतलेलं, कागदाच्या लगद्याचं. आकार झकास आला, पण दिवे लावायला आत पोकळीच ठेवली नव्हती. तेव्हाच कुंडीखाली गेलं.

येळवसची रात्र

येळवस म्हणजे आमच्याकडची वेळ अमावस्या, शेतात जेवायचा सण. हा या नोंदीतला खरा दिवस. दिवसभर शेतात भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. पोट एवढं भरलेलं की गाडी भाच्यानं चालवली. अमावस्या, म्हणून आभाळात चंद्र नाही, रस्त्यावर दिवा नाही. वळण घेतलं आणि समोर मांजराकाठचा साखर कारखाना. गाळप ऐन रंगात. धुराड्यावर लाल दिवा, खाली पिवळ्या दिव्यांच्या माळा, पाइप, जिने, बगॅसचा (उसाच्या चोथ्याचा) पट्टा, आणि सगळ्यावर वाफ. इमारत अशी दिसतच नव्हती. दिसत होते ते दिवे, आणि दिव्यांच्या मधलं काळं.

"मामा, उतरलं बघा," भाचा म्हणाला.

मी गाडी बाजूला घ्यायला लावली. १९७७ च्या 'क्लोज एन्काउंटर्स'मधलं ते महाकाय यान स्पीलबर्गला सुचलं ते मुंबईतच, रात्री दिव्यांनी लखलखलेला तेलशुद्धीकरण कारखाना बघून. पाइप, नळ्या, जिने, त्यावरचे दिवे. पुढं लॉस एंजेलिसच्या डोंगरावरून दिसणारा दरीतला दिव्यांचा गालिचा त्यानं मनात उलटा केला आणि यानाचं पोट झालं. त्या सिनेमातला माणसांच्या समुद्राचा प्रसंगही आपल्याच राज्यात, खालापूरजवळच्या हाळ गावात चित्रित झाला, पडद्यावर मात्र नाव धर्मशाळेचं. म्हणजे जगातल्या सगळ्यात देखण्या परग्रही यानाची आई मुंबईची. मग माझ्या यानाची आई मांजराकाठची का नको?

माझा अंदाज इथं पक्का झाला: या खेपेलाही तो पत्रा दाखवणार नाही, दिवे दाखवेल. शेवटच्या अर्ध्या तासापर्यंत तेही नीट नाही.

डिसेंबर अखेर, आराखडा

व्यास ६० सेंटिमीटर, प्रमाण १:१०००, म्हणजे खरं यान ६०० मीटरचं. या प्रमाणात माणूस पावणेदोन मिलिमीटरचा आणि पाऊण मिलिमीटरच्या फायबरच्या काडीचं टोक म्हणजे ७५ सेंटिमीटरची खिडकी. हिशेब बसतो. औंढ्याजवळ गुरुत्वलहरींची लायगो प्रयोगशाळा व्हायची आहे. तिचे ४ किलोमीटरचे हात या प्रमाणात ४ मीटरचे होतात. भाच्याला तेही करायचे होते, पण आमचा हॉल तेवढा नाही.

यानाच्या पोटाची विभागणी कशी करावी यात दोन दिवस गेले. आठ भाग केले की पिझ्झा दिसतो, बारा केले की घड्याळ. तिसऱ्या दिवशी आमच्या लातूरच्या बाजारपेठेत, गंजगोलाईत, फेव्हिक्विक आणायला गेलो आणि डोक्यात उजेड पडला. १९१७ ची ती गोल दुमजली इमारत, मधोमध जगदंबेचं देऊळ, आणि गोलाईला येऊन मिळणारे १६ रस्ते. रोज त्यातून जातो आणि यान शोधत अमेरिकेकडे बघतो! ३६० भागिले १६, साडेबावीस अंशाचं एक घर. प्रत्येक घरात ४० भोकं, एकूण ६४०.

तरंगण्याचाही हिशेब केला. ६०० मीटर व्यासाच्या यानाचं वजन १० लाख टन धरलं आणि ते खाली हवा ढकलून तरंगतंय असं मानलं, तर खालच्या जमिनीवर वातावरणाच्या साधारण एक तृतीयांश एवढा जादा दाब येतो. बघायला जमलेली गर्दी उभी राहणार नाही, घरं तर नाहीच नाही. म्हणून सिनेमातली यानं गपगुमान, बिनआवाजाची उतरतात. नांदेडवाल्याला हे सांगितलं. "त्रिकोणाला हे लागू नाही" म्हणाला. त्याच्याशी बोलणं सोडलंय, तात्पुरतं.

जानेवारी, निवडणूक

१५ जानेवारीला महापालिकेचं मतदान. माझं दुकान फ्लेक्सचं, म्हणजे महिनाभर यानाला हात नाही. पण सनबोर्डची (फ्लेक्सच्या कामातल्या पांढऱ्या फोमच्या तक्त्याची) एवढी कात्रणं पडली की अजून तीन यानं होतील. क्र. ३ चं वरचं कवच ३ मिलिमीटर सनबोर्डचं आहे, आतून बघितलं तर एका भावी नगरसेवकाचा अर्धा हसरा चेहरा आणि जोडलेले हात. काळ्या रंगाखाली गेले बिचारे.

तो काळा रंग महत्त्वाचा. सनबोर्डमधून उजेड झिरपतो, नुसता पांढरा ठेवला तर अख्खं यान ट्यूबलाइटसारखं पेटतं. आतून आधी काळा, वाळल्यावर त्यावर चंदेरी. काळ्यानं झिरपणं थांबतं, चंदेरीनं आतला उजेड भोकांकडे परततो.

जानेवारी, शेवटचा आठवडा

जत्रेत मिळतो ना तो फायबरच्या काड्यांचा झुपक्याचा दिवा, तसे दोन फोडले. काड्यांचे बोटभर तुकडे करून भोकांत. भोकं पाडायला हातातला बारीक ड्रिल. तापवलेली सुई वापरू नका, कडा फुगते आणि वासानं डोकं धरतं.

आत १२ व्होल्टची एलईडी पट्टी, दोन मीटर. मोठ्या हौसेनं लावली, जेवून आलो तर पोटाचं एक घर पापडासारखं वर आलेलं. बंद डब्यात २८ वॅटची पट्टी तापणार नाही तर काय! आता पट्टी फ्लेक्सच्या फ्रेमच्या ॲल्युमिनियमवर चिकटवलीय, माथ्यावर झाकलेली चार भोकं ठेवलीत, आणि डिमर लावून उजेड निम्म्यावर आणलाय. उजेड कमी केल्यावर यान जास्त खरं दिसायला लागलं.

तरी काहीतरी चुकत होतं. आई दारातून म्हणाली, "काय करायलास रे, मंगल कार्यालय का?" शब्द लागला, पण बरोबर होता. सगळ्या ४० खिडक्या एकसारख्या पेटलेल्या, सरळ रांगेत. कारखान्यात असं कुठं असतं? एक जिना उजळलेला, त्याच्या बाजूची अख्खी भिंत अंधारात. मग प्रत्येक घरातल्या १२-१५ काड्या उपटल्या, भोकं काळ्या एमसीलनं बुजवली. राहिलेल्यांपैकी काहींच्या मागं मिठाईच्या डब्यावरचा पिवळा जिलेटिन कागद. त्या रात्री पहिल्यांदा अंगावर काटा आला.

वाफेसाठी ऊद. 'क्लोज एन्काउंटर्स'च्या वेळीही, त्यातली दृश्य-करामत सांभाळणाऱ्या डग्लस ट्रम्बुलच्या मंडळींनी धूर भरलेल्या खोलीत मॉडेल चित्रित केलं होतं, दिव्याभोवतीचं तेज त्यातूनच येतं. माझ्या खोलीत दारं लावून ऊद, मोबाइल तिकाटण्यावर, आठ सेकंदांचं एक्सपोजर. फोटो उत्तम. पडदे अजून मठातल्यासारखे वास मारतात.

त्या जुन्या मॉडेलवर, ते आता वॉशिंग्टनजवळच्या स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे, कारागिरांनी गंमत म्हणून 'स्टार वॉर्स'मधला यंत्रमानव आर टू-डी टू उलटा टांगलाय, एक टपालपेटी आणि छोटा शार्कसुद्धा. मी अकराव्या घरात काड्यापेटीच्या काड्यांचा उसाचा ट्रॅक्टर बसवलाय. प्रमाणात नाही, मोजायला येऊ नका.

परभणीकराच्या समाधानासाठी शेजारी टिक टॅकही उडवायचा होता. ४० फूट म्हणजे या प्रमाणात १२ मिलिमीटर. सुशीला (मुरमुऱ्याचा नाश्ता) करताना हातात मुरमुरा आला, जरा लहान, पण गोलाई अगदी तीच. फेव्हिकॉल, पांढरा रंग, बारीक तारेवर टांगला. सकाळी नुसती तार. मुंग्या. दुसऱ्याला वॉर्निश दिलंय, तीन दिवस झाले, अजून आहे.

आणि हो, उदगीरच्या पाहुण्यांनी पहाटे आभाळात पांढरा गोळा बघितला आणि मला फोन केला. हैदराबादहून टीआयएफआरचे (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे) संशोधन-फुगे हिवाळ्यात सुटतात, ३० ते ४० किलोमीटर उंच जातात, खाली अंधार असताना वर त्यांना ऊन लागतं. त्यांची उपकरणं छत्रीनं आपल्या भागातही उतरतात. सापडलं तर उघडू नका, त्यावर लिहिलेल्या पत्त्यावर कळवा, एवढं पाहुण्यांना सांगितलं. पाहुणे जरा नाराज झाले.

आजची स्थिती: १६ पैकी ९ घरं पूर्ण. कडेची पट्टी बाकी. माथ्यावर काय ठेवायचं ते ठरत नाही: भाचा धुराडं म्हणतो, मला कळस हवाय. आणि आठव्या-नवव्या घराच्या सांध्यातून अजून उजेड गळतोय. काळी टेप लावली की उन्हानं सुटते, एमसील लावलं की घर पुन्हा उघडता येत नाही. कुणी सनबोर्डचा असा सांधा बंद केला असेल तर कशानं केला ते सांगा, रविवारपर्यंत हात लावत नाही.