पंधरा वर्षांची गाडी, हरवलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि पुनर्नोंदणी

आमची छोटी पेट्रोल गाडी डिसेंबर २०१० मध्ये नोंदली गेली. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर गाडी रस्त्यावर ठेवायची असेल तर पुढील पाच वर्षांसाठी पुनर्नोंदणी करून घ्यावी लागते आणि त्यासाठीचा अर्ज मुदत संपण्यापूर्वीच्या साठ दिवसांत करायचा असतो. मी सेवानिवृत्त शिक्षक असल्याने कागदपत्रांच्या बाबतीत मला फाजील आत्मविश्वास आहे. दिवाळी आटोपल्यावर आरसी, विमा, पीयूसी आणि पर्यावरण कराची पावती एका फाइलीत लावायची, ५,००० रुपये शुल्क भरायचे, गाडी तपासणीला न्यायची आणि देवगडला परत यायचे, एवढाच माझा हिशेब होता. प्रत्यक्षात या कामाला सहा आठवडे लागले, कारण गाडी आरसीवर जी लिहिली होती ती राहिलेली नव्हती आणि हे मला ठाऊकच नव्हते.

मधली चार वर्षे ही गाडी पुतण्याकडे कोल्हापूरला होती. तो तेथे शिकत होता. गाडी परत आली तेव्हा तिचा आवाज भारदस्त झाल्याचे मला जाणवले होते, पण सायलेन्सर फाटला असेल अशी मी समजूत करून घेतली. आमच्याकडे खाऱ्या हवेने सायलेन्सर कुजणे ही काही बातमी नव्हे. बॉनेटखाली मूळ काळ्या डब्याच्या जागी लाल रंगाचा शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर होता, तोही मी पाहिला होता. तो महागाचा दिसला, म्हणून चांगला असेल असे वाटले.

पहिला धक्का पीयूसी केंद्रावर बसला. आमच्या गाडीसारख्या बीएस-३ (भारत स्टेज ३ या प्रदूषण मानकाच्या) पेट्रोल गाडीसाठी गाडी उभी असताना, मंद गतीवर, कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्क्यांच्या आत आणि हायड्रोकार्बन, म्हणजे न जळालेले इंधन, ७५० पीपीएमच्या (दहा लाखांत ७५० भागांच्या) आत असावे लागते. यंत्राने कार्बन मोनॉक्साइड १.८४ टक्के दाखवले. हायड्रोकार्बन ६९० होते, म्हणजे तेवढ्यापुरती गाडी काठावर उत्तीर्ण. केंद्रावरच्या मुलाने इंजिन तापवून पुन्हा नळी लावली, तेव्हा आकडा १.७१ झाला. मग त्याने आवाज उतरवून, ‘करून देता येईल’ अशा अर्थाचे काही सुचवले. चाळीस वर्षे मुलांना कॉपी करू नका म्हणून सांगितल्यावर मला ते ऐकू न आल्यासारखे करणे भाग होते. पुतण्याकडे असताना दर सहा महिन्यांनी लागणारी पीयूसी कशी मिळत गेली, हे मात्र मी आजतागायत त्याला विचारलेले नाही.

कणकवलीला आमचे एक जुने मिस्त्री आहेत. त्यांनी गाडी रॅम्पवर घेतली, खाली वाकून पाहिले आणि काही न बोलता मलाच खाली बोलावले. इंजिनाला लागून धूर गोळा करणारा जो जाड, ओबडधोबड बिडाचा मॅनिफोल्ड असायला हवा होता, त्या जागी चार चकचकीत पोलादी नळ्या वळणे घेत एका नळीत मिळत होत्या. या नळ्यांना हेडर म्हणतात. मूळ मॅनिफोल्डच्या खालच्या अंगालाच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर होता. मॅनिफोल्ड गेला, त्याच्याबरोबर तोही गेला. पुढे सरळ नळी आणि शेवटी धूर फारसा न अडवणारा फ्री-फ्लो सायलेन्सर. ‘मास्तरांनू, हिचा काळीजच काढून ठेवल्यानी,’ एवढेच मिस्त्री म्हणाले.

त्या दिवशी रॅम्पखाली उभ्या उभ्या त्यांनी मला जे समजावून सांगितले, ते माझ्या शब्दांत येथे देतो. कन्व्हर्टरच्या आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची चिनी मातीची वीट असते आणि तिच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम व रोडियम या धातूंचा पातळ थर असतो. गरम झाल्यावर हा थर कार्बन मोनॉक्साइड आणि अर्धवट जळालेले इंधन यांचे कार्बन डायऑक्साइड व पाण्यात रूपांतर करतो आणि नायट्रोजनचे ऑक्साइड मोडतो. मात्र ही तिन्ही कामे एकाच वेळी व्हायची असतील तर हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण वजनाने १४.७ ला १ च्या अगदी जवळपास राहावे लागते. ते प्रमाण राखण्यासाठी एक्झॉस्टमध्ये, म्हणजे धुराच्या वाटेत, ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो. त्याने दिलेल्या खबरीवरून संगणक, म्हणजे ईसीयू, पेट्रोल कमीजास्त करतो. थोडक्यात, फिल्टर, सेन्सर, ईसीयू, कन्व्हर्टर आणि सायलेन्सर ही पाच वेगवेगळी सामाने नसून एकच संसार आहे.

आमच्या गाडीत त्या संसाराची फाटाफूट दोन जागी झाली होती. हेडरमध्ये सेन्सर इंजिनापासून हातभर लांब बसवला होता, त्यामुळे मंद गतीवर तो पुरेसा तापत नव्हता. दुसरी गोष्ट अस्सल कोकणी होती. हेडर आणि नळी यांच्या जोडावरची फ्लँज, म्हणजे चकती, गंजून तेथे तांदळाच्या दाण्याएवढे भोक पडले होते. मिस्त्रींनी गाडी चालू ठेवून साबणाचे पाणी त्या जोडावर टाकले, तेव्हा बुडबुडे आले. अशा भोकातून एक्झॉस्ट बाहेर पडतो हे कोणालाही समजेल, पण धुराच्या दोन धक्क्यांच्या मधल्या क्षणी बाहेरची हवा तेथून आतही ओढली जाते, हे मला नवीन होते. ती हवा सेन्सरला लागली की त्याला वाटते, पेट्रोल कमी पडते आहे. ईसीयू बिचारा आज्ञाधारकपणे पेट्रोल वाढवतो. वाढलेले पेट्रोल अर्धवट जळते, कार्बन मोनॉक्साइड वाढतो आणि तो जाळायला कन्व्हर्टर जागेवर नाही.

पुतण्याला फोन केला. मूळ मॅनिफोल्ड कोठे आहे, या प्रश्नावर थोडा वेळ शांतता झाली. ज्या गॅरेजमध्ये हेडर बसवला, त्यांनी ‘जुना माल’ ठेवून घेतला आणि बिलात दोन हजार रुपये कमी केले, असे तो म्हणाला. कन्व्हर्टरमधल्या धातूंसाठी भंगारवाले तो हौसेने घेतात, हे त्याला त्या वेळी माहीत नव्हते. ‘पण काका, सामान चांगल्या कंपनीचे आहे, बाहेरून मागवलेले आहे, तिकडे सगळे वापरतात,’ ही त्याची बाजू.

हेडरचे खोके त्याने जपून ठेवले होते आणि ते आमच्या माळ्यावर आंब्याच्या रिकाम्या पेट्यांमागे सापडले. त्याच्या बाजूच्या पट्टीवर अगदी बारीक अक्षरांत इंग्रजीत छापले होते, की हे सामान सार्वजनिक रस्त्यावरील वापरासाठी नाही. तिकडे सगळे वापरतात हे पूर्ण खरे नाही, हे मी नंतर वाचून काढले. अमेरिकेत उत्सर्जन नियंत्रणाची यंत्रणा काढणे किंवा निकामी करणे हा त्यांच्या स्वच्छ हवा कायद्याचा भंग समजला जातो. कॅलिफोर्नियात तर बदललेल्या भागाने प्रदूषण वाढत नाही हे तेथील हवा मंडळापुढे सिद्ध केल्यावर त्या भागाला एक आदेश क्रमांक मिळतो आणि धूर तपासणीच्या वेळी तपासनीस बॉनेट उघडून तो क्रमांक शोधतो. आपल्याकडे हेडर किंवा फिल्टर यांच्यासाठी तशी क्रमांकाची सोय नाही. आपल्याकडे गाडी बाजारात येण्यापूर्वी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तिच्या नमुन्याची चाचणी होते आणि मान्यता त्या संपूर्ण जुळणीला मिळते.

पुतण्यानेच मग एक स्वस्त तोड काढली. बाजारात ‘युनिव्हर्सल’ कन्व्हर्टर मिळतो, तो नळी कापून मध्ये वेल्डिंगने बसवायचा. मिस्त्रींना ते फारसे पसंत नव्हते, पण मूळ मॅनिफोल्डची किंमत एकवीस हजार रुपये आणि गाडी विकायला काढली तर सत्तर हजार येणार, हे गणित मला जड जात होते. साडेचार हजारांचा तो डबा बसवला, फ्लँज बदलली, सेन्सर पुढे आणला. पीयूसीला कार्बन मोनॉक्साइड ०.४१ टक्के आले. प्रमाणपत्र हातात पडले. मी ऑनलाइन अर्ज भरला, शुल्क भरले, तपासणीची तारीख घेतली आणि त्या रात्री निवांत झोपलो.

तपासणीला आलेले मोटार वाहन निरीक्षक वयाने माझ्या विद्यार्थ्यांएवढे होते आणि बोलायला अत्यंत सौजन्यशील. त्यांनी चॅसिस क्रमांकाचा पेन्सिलीने छाप घेतला, दिवे पाहिले, हॉर्न ऐकला, नव्या पद्धतीच्या नंबरपाट्या पाहिल्या. मग गाडी चालू करायला सांगून ते मागे जाऊन उभे राहिले. तेथून बॉनेटपाशी आले, लाल फिल्टरकडे पाहिले आणि वाकून खालच्या चकचकीत नळ्या पाहिल्या. मी पीयूसी पुढे केली. ते म्हणाले, ‘सर, ही बरोबरच आहे. पण ही आजच्या धुराची आहे. मला गाडी तपासायची आहे.’

त्या एका वाक्यात मला इतके दिवस न समजलेली गोष्ट होती. पीयूसी म्हणजे एका दिवशी, उभ्या गाडीच्या, मंद गतीवरच्या धुरातील दोन वायूंचे मोजमाप. नायट्रोजनच्या ऑक्साइडचे मोजमाप त्यात होत नाही. घाट चढताना गाडी काय सोडते, हे तर त्याला कळतच नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वेगळाच प्रश्न विचारते. उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी आरसीवरील तपशील विसंगत होईल असा फेरफार मालकाने करू नये, असे ते सांगते आणि केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्याचा अर्थ काटेकोरपणेच लावला आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए नुसार विनापरवाना फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. ‘प्रत्येक फेरफारामागे’ हे शब्द मी दोनदा वाचले. फिल्टर, हेडर, युनिव्हर्सल कन्व्हर्टरचा डबा, सायलेन्सर अशी मनातल्या मनात बेरीज केली आणि एकवीस हजारांचा मॅनिफोल्ड एकाएकी स्वस्त वाटू लागला. निरीक्षकांनी दंड केला नाही. गाडी मूळ स्वरूपात आणून पुन्हा दाखवा, असा शेरा मारला.

परतताना मिस्त्रींकडे थांबलो, तेव्हा तेथे एक रिक्षावाले सीएनजी सिलिंडरच्या तपासणीविषयी विचारायला आले होते. माझ्या मनात आले, सीएनजी किट बसवणे हाही फेरफारच, मग तो कसा चालतो? मिस्त्रींनी सांगितले ते असे. किट मान्यताप्राप्त असावे लागते, ती मान्यता त्या त्या गाडीच्या प्रकारापुरती असते, अधिकृत केंद्रानेच ते बसवायचे असते, आरसीवर इंधनाची नोंद बदलून घ्यायची असते आणि सिलिंडरची दाबचाचणी दर तीन वर्षांनी करायची असते. बीएस-६ पेट्रोल गाड्यांनाही २०२२ मध्ये, साडेतीन टनांच्या आतील असल्या तर, अशी परवानगी मिळाली. म्हणजे गाडीला हात लावायचाच नाही असे कायदा म्हणत नाही. हात लावणाऱ्याने आधी चाचणी दिलेली असावी, एवढे म्हणतो. आमच्या हेडरची चाचणी कोणीच दिली नव्हती.

मूळ मॅनिफोल्ड चॅसिस क्रमांकावरून मागवावा लागला आणि यायला अठरा दिवस लागले. तोवर मी एसटीने फिरलो. एअर फिल्टरचा काळा डबा मिस्त्रींनी एका जुन्या गाडीचा मिळवला, सायलेन्सर नवा घेतला. जोडणीच्या दिवशी मी मुद्दाम दिवसभर बसून राहिलो. नव्या मॅनिफोल्डच्या तोंडातून आत पाहिले तर ती जाळी दिसते, करड्या रंगाची, इतकी बारीक आणि सरळ की बॅटरी धरल्यावर पलीकडून उजेडाचे शेकडो ठिपके आले. युनिव्हर्सल डब्यातली जाळी शेजारी ठेवून पाहिली. तिची छिद्रे उघड्या डोळ्यांनाही मोठी दिसत होती. मिस्त्रींच्या मते त्या डब्याने वर्षभर तरी काम दिले असते की नाही, शंकाच आहे.

या वेळी मी देवगडहून थेट पीयूसी केंद्रावर गेलो, म्हणजे नांदगाव तिठ्यापर्यंतच्या चढउतारांनी इंजिन आणि कन्व्हर्टर दोन्ही चांगले तापलेले होते. कोणी विचारले तर एवढा सल्ला मी जरूर देईन, की थंड गाडी पीयूसीला नेऊ नये. थंड कन्व्हर्टर असून नसल्यासारखा असतो. कार्बन मोनॉक्साइड ०.०६ टक्के आणि हायड्रोकार्बन ५२ पीपीएम आले. केंद्रावरचा मुलगा तोच होता. त्याने कागद हातात देताना माझ्याकडे पाहिले नाही.

दुसऱ्या तपासणीला पाच मिनिटे लागली. निरीक्षकांनी बॉनेट उघडले, काळा डबा पाहून बंद केले आणि मागे उभे राहून इंजिन ऐकले. ‘आता गाडी गाडीसारखी वाजते,’ ते म्हणाले. मुदत टळली असती तर दरमहा ५०० रुपये उशिराचा आकार पडला असता. तो वाचला, पण फक्त चार दिवसांनी. नवी आरसी टपालाने घरी आली.

पुतण्या नाताळच्या सुटीत आला, तेव्हा त्याने गाडी देवगडच्या किल्ल्यापर्यंत चालवून आणली आणि पूर्वीसारखी ‘खेचत’ नाही, अशी तक्रार केली. चढावर मला तरी काही फरक जाणवला नाही, पण माझे कान आणि त्याचे कान सारखे नसावेत. हेडर आणि तो लाल फिल्टर त्याला ऑनलाइन विकायचा आहे. मी हरकत घेतली नाही. खोक्याच्या पट्टीवरचे ते बारीक अक्षरातले वाक्य जाहिरातीत मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहायचे, एवढी अट घातली. तीन आठवडे झाले, खोके अजून माळ्यावरच आहे.