हयातीचा दाखला आणि माझी फेलोशिप

वडोदऱ्यातील एका बँकेच्या शाखेत मी एकोणीस वर्षे नोकरी करते आहे आणि त्यांपैकी गेली सात वर्षे पेन्शनचे काउंटर माझ्याकडे आहे. नोव्हेंबर उजाडला की दांडिया बाजार, रावपुरा, मांडवी या भागांतील निवृत्त मंडळी हयातीचा दाखला, म्हणजे पेन्शन चालू राहण्यासाठी दरवर्षी द्यायचा जिवंत असल्याचा पुरावा, देण्यासाठी शाखा उघडण्याआधीच पायऱ्यांवर येऊन बसतात. ऐंशीच्या पुढच्या केंद्रीय पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, पण माझा अनुभव असा की तेही नोव्हेंबरातच येतात. जुने सहकारी त्याच दिवसांत भेटतात, हे त्यामागचे खरे कारण.

१० नोव्हेंबर २०१४ रोजी 'जीवन प्रमाण' ही डिजिटल दाखल्याची सोय सुरू झाली. आधार क्रमांक टाकायचा, यंत्रावर बोट ठेवायचे किंवा डोळ्याची बुबुळे दाखवायची, ओळख पटली की दाखला थेट पेन्शन देणाऱ्या कार्यालयाकडे जातो. बोट उमटले तर काम मिनिटाभराचे आहे. ज्यांनी आयुष्यभर लेथवर, विटांच्या भट्टीवर किंवा धुण्याभांड्यात हात झिजवले त्यांची बोटे मात्र उमटत नाहीत, आणि वयाबरोबर कातडी कोरडी पडल्यावर इतरांचीही उमटेनाशी होतात. मग आम्ही ओल्या फडक्याने बोट पुसतो, केसांवर घासून थोडा तेलकटपणा आणायला सांगतो, दहाही बोटे एकामागून एक ठेवून पाहतो. कारखान्यात टर्नर म्हणून तीस-पस्तीस वर्षे काढलेले एक काका सातव्या बोटाला थांबले आणि म्हणाले, "ताई, मी तुमच्यासमोर बसलोय, तुमच्याशी बोलतोय. अजून काय हयात असायचं राहिलंय?" त्यांचा दाखला मी कागदी फॉर्मवर घेतला, कारण ती सोय आजही आहे. परंतु हे त्यांना कोणी आधी सांगितलेले नव्हते, आणि त्यासाठी दोन रिक्षांचे भाडे घालून ते तिसऱ्यांदा शाखेत आले होते.

तंत्रज्ञानाचा समाजावर काय परिणाम होतो याचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या नोकरदारांसाठी एका भारतीय संस्थेची दहा महिन्यांची फेलोशिप आहे, असे मला २०२२ साली एका सहकाऱ्याकडून कळले. त्याआधी मी अमेरिकेच्या हंफ्री फेलोशिपची माहिती काढली होती. तीही दहा महिन्यांची असते, पदवी देत नाही, आणि किमान पाच वर्षांचा पूर्णवेळ कामाचा अनुभव मागते. पण घरी सासूबाईंचे आजारपण असताना परदेशी जाणे शक्य नव्हते. इथली फेलोशिप घरी राहून, अर्धवेळ करता येणार होती. पीएच.डी.ची अट नव्हती. मला वाटले, आपल्यासाठीच निघालेली दिसते.

पहिला अर्ज मी अतिशय उत्साहाने आणि अतिशय वाईट लिहिला. विषयाचे नाव होते 'डिजिटल बँकिंगचा ज्येष्ठ नागरिकांवर होणारा परिणाम'. त्यात २००९ साली आधार क्रमांक देणाऱ्या प्राधिकरणाची स्थापना झाल्यापासूनचा आधारचा सारा इतिहास होता. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात पहिला क्रमांक दिला गेला, २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले, २०१८ च्या निकालाने आधार कायदा बऱ्याच अंशी कायम ठेवला, हे सगळे होते. माझे काउंटर मात्र त्यात कुठेच नव्हते. अर्ज नाकारला गेला आणि त्यासोबत दोनच ओळींचा अभिप्राय आला: विषय महत्त्वाचा आहे, संशोधनाचा प्रश्न सापडत नाही.

मी तो अर्ज महाराजा सयाजीराव विद्यापीठातून निवृत्त झालेल्या, आमच्याच वाड्यात पूर्वी राहत असलेल्या एका प्राध्यापकांना दाखवला. त्यांनी पाने उलटली, चष्मा काढला आणि विचारले, "यात तुम्ही स्वतः पाहिलेलं किती आहे?" मी टर्नर काकांची हकिगत सांगितली. "मग ते का नाही लिहिलंत?" म्हणाले. "अहो सर, ते तर रोजचंच आहे," असे मी म्हटले, आणि म्हणतानाच माझी चूक माझ्या लक्षात आली. रोजच्या गोष्टी लिहिण्याजोग्या नसतात अशी आम्हा नोकरदारांची पक्की समजूत असते, आणि ही फेलोशिप काढणाऱ्यांना हवे असते ते नेमके तेवढेच.

दुसऱ्या वर्षीचा प्रश्न एका वाक्याचा होता: यंत्रावर बोट उमटले नाही तर पुढे काय करायचे हे कोण ठरवते, आणि दाखला मिळेपर्यंत तो माणूस किती फेऱ्या मारतो? पंधराशे शब्दांचा प्रस्ताव याभोवती तीन रविवारांत लिहून झाला. कठीण गेली ती त्याच्या आजूबाजूची कागदपत्रे. अंदाजपत्रकात मुलाखतींचे टंकलेखन आणि गुजरातीतून मराठीत व इंग्रजीत करून घ्यायचे भाषांतर मी आधी धरलेच नव्हते, कारण दोन्ही भाषा घरच्याच असल्याने ते काम आपणच करू असे वाटले होते. सरांनी हिशेब करून दाखवला की तासाभराच्या बोलण्याला माझे पाच-सहा तास जातील. कराविषयीही माझा गैरसमज होता. तेव्हा लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १०(१६) नुसार शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी दिलेली शिष्यवृत्ती करमुक्त असते एवढे मला माहीत होते, परंतु माझे मानधन त्यात बसत नाही असे आमच्या सीएंनी कागद पाहून सांगितले, तेव्हा आकडे पुन्हा मांडावे लागले.

सर्वांत जास्त वेळ गेला तो ना हरकत पत्रासाठी. बँकेतील नोकरदाराला बाहेरचे कोणतेही काम पूर्वपरवानगीवाचून करता येत नाही, आणि ते योग्यही आहे. जून २०२३ मध्ये शाखेतून निघालेला माझा अर्ज क्षेत्रीय कार्यालयात सहा आठवडे पडून राहिला. तेथून शेरा आला की या अभ्यासातून बँकेची बदनामी होणार नाही अशी हमी द्यावी आणि प्रत्येक मजकूर छापण्याआधी मंजूर करून घ्यावा. फेलोशिप देणाऱ्या संस्थेने कळवले की अशी मंजुरीची अट त्यांना चालणार नाही. दोन्हींच्या मध्ये मी, आणि अर्जाची मुदत दहा दिवसांवर. शेवटी ठरले ते असे: माझ्या शाखेतील एकाही खातेदाराची माहिती मी वापरणार नाही, मुलाखतीसाठी लोक निवृत्तांच्या मंडळांतून आणि सयाजीबागेत सकाळी फिरायला येणाऱ्यांतून शोधेन, आणि बँकेला मजकूर तीस दिवस वाचायला देईन, पण तो केवळ गोपनीय काही निसटले नाही ना हे पाहण्यापुरता. अर्धवेळ बिनपगारी रजेसोबत तीन वर्षे नोकरी न सोडण्याचे हमीपत्रही लिहून घेतले गेले.

त्या हमीपत्रावर सही करताना मला या शहराची जुनी गोष्ट आठवली. १९१३ साली बडोदे संस्थानने भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड दिले, आणि त्यासाठी परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार लिहून घेतला. परतल्यावर या शहरात त्यांना राहायला जागासुद्धा कोणी धड दिली नाही आणि ती नोकरी थोड्याच काळात सुटली. त्या तुलनेत माझी तीन वर्षे म्हणजे काहीच नव्हते. तरी शिकायला निघालेल्या माणसाकडून आधी सही घेण्याची पद्धत किती जुनी आहे, हे मनात आल्यावाचून राहिले नाही.

मुलाखत व्हिडिओवर झाली, आणि तीही नोव्हेंबरात, म्हणजे अर्धा दिवस पेन्शनरांच्या गर्दीत काढून मी घामाघूम अवस्थेत घरी पोहोचल्यावर. तिघे परीक्षक होते. नोव्हेंबर २०२१ पासून मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला देता येतो, मग तुमचा प्रश्न आता शिळा झाला नाही का, असे एकाने विचारले. मी म्हटले की अंगठ्याचा प्रश्न त्याने काही जणांपुरता सुटतो, पण आता चांगला फोन आणि तो नीट धरणारा नातू लागतो. काम बँकेच्या काउंटरवरून घरातल्या कोणाच्या तरी हातात गेले आहे, आणि ते कोणाच्या हातात गेले हे मला पाहायचे आहे. दुसरा प्रश्न अपेक्षित होता: तुमच्याच बँकेची चूक आढळली तर? माझ्या बँकेत मी पाहणारच नाही, हे उत्तर खरे होते, पण देताना ते मला थोडे पळवाटेचे वाटले, आणि परीक्षकांनाही वाटले असावे. जानेवारी २०२४ मध्ये निवड झाल्याचे पत्र आले.

आता काम सुरू करायचे, असे मी धरून चालले होते. त्याआधी एथिक्स कमिटी होती, म्हणजे मुलाखत देणाऱ्यांची संमती नीट घेतली जाते का हे तपासणारी समिती. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संशोधनाला काही अटींवर सूट ठेवलेली आहे, तेव्हा संमतीपत्राचा एवढा घोळ कशाला, असे मी मनात म्हणत होते. समितीतील एका बाईंनी मात्र नेमके बोट ठेवले. त्या म्हणाल्या, "तुम्ही बँकेतल्या आहात हे त्या माणसाला ठाऊक असेल, तर तो तुम्हाला नाही म्हणू शकेल का?" सात वर्षे मी काउंटरच्या या बाजूला बसले होते आणि हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. समोरचा माणूस माझ्या सर्व प्रश्नांची उत्तरे देत आला होता, कारण त्याचे पेन्शन माझ्या शिक्क्यावर अवलंबून होते.

माझ्या संमतीपत्रात सही न येणाऱ्यांसाठी अंगठ्याची चौकट होती. बँकेच्या सवयीने ती मी आपोआप आखली होती, आणि ज्यांचा अंगठा उमटत नाही त्यांच्यावरचा हा अभ्यास! समितीत कोणी हसले नाही, मीच हसले. चौकट काढून तोंडी संमती ध्वनिमुद्रित करण्याचे ठरले, आणि पत्राचा गुजराती व मराठी मसुदा वाचून दाखवण्यासाठी पुन्हा लिहिला.

पहिली मुलाखत जूनमध्ये सयाजीबागेतील बाकावर झाली. ब्याऐंशी वर्षांच्या आजींना मी तो मसुदा सावकाश वाचून दाखवला: अभ्यास कशाचा आहे, नाव कुठे येणार नाही, मध्येच थांबता येईल, उत्तर न देण्याचा अधिकार आहे. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे मी नाही म्हटलं तर पेन्शन बंद होणार नाही ना?" त्या दिवशी घरी येऊन मी मसुद्यातील पहिले वाक्य खोडले आणि त्या जागी लिहिले: तुम्ही नाही म्हणालात तरी तुमचे पेन्शन चालूच राहील.