सर्व्हरचं मागचं दार वेगळ्या भिंतीत हवं

फायरवॉलचा एक नियम चुकला की एसएसएच, म्हणजे दुरून सर्व्हरवर लॉगिन करायची वाट, बंद. तो नियम दुरुस्त करायचा, तर पुन्हा एसएसएचच हवं. म्हणून दुसरी वाट आधीच तयार ठेवायची, आणि ती पहिल्या वाटेच्या कशावरही विसंबून नसावी. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक सुमारे सहा तास बंद पडलं, तेव्हा त्यांचं पर्यायी नेटवर्कही बंद होतं. शेवटी इंजिनिअरांना डेटा सेंटरमध्ये धाडावं लागलं.

तुमच्या लॉगिनच्या मध्ये काय काय येतं ते लिहून काढा: डीएनएस (नावावरून आयपी पत्ता सांगणारं), व्हीपीएन, एलडॅप (खात्यांची मध्यवर्ती यादी), ओटीपीचा सर्व्हर. आणीबाणीच्या खात्यात यातलं काहीच नको. मशीनवरचं लोकल खातं, कागदावर लिहिलेला आयपी आणि दोन हार्डवेअर की (लॉगिनसाठीची छोटी उपकरणं), त्याही वेगवेगळ्या इमारतींत. या खात्यातून कुणीही शिरलं की सगळ्यांना लगेच कळलं पाहिजे.

ऑपरेटिंग सिस्टिम मेली तरी चालतं ते आयड्रॅक किंवा आयएलओ, म्हणजे दुरून ताबा घेण्यासाठी सर्व्हरमध्येच बसवलेला छोटा स्वतंत्र संगणक. पण ते उघड्या इंटरनेटवर कधीही ठेवू नका. त्याच्याशी बोलायचा प्रोटोकॉल आयपीएमआय २.० मध्ये युजरनेम माहीत असलेल्या कुणालाही लॉगिनआधीच पासवर्डचा हॅश (पासवर्डपासून बनवलेला सांकेतिक ठसा) मिळतो, मग तो घरी बसून निवांत फोडता येतो. दोष प्रोटोकॉलमध्येच आहे, त्यामुळे फर्मवेअर अपडेट करून तो जात नाही. पासवर्ड रँडम आणि पूर्ण २० अक्षरी ठेवा (मर्यादाच २० बाइटची आहे), मॅनेजमेंट नेटवर्क (आयड्रॅक, आयएलओ ज्यावर असतात ते) वेगळं ठेवा आणि त्याला स्वतःची लाइन द्या. ४जी राउटरसुद्धा पुरतो.

सीरियल कन्सोल (सर्व्हरचा पडदा मजकूर म्हणून केबलवरून दाखवणारी वाट) ११५२०० बॉडच्या वेगावर लावताना कर्नलला सांगितलं जातं, ग्रबला (बूट मेनू दाखवणाऱ्या प्रोग्रामला) सांगायचं राहतं. मग बूट मेनूवर गाडी अडली की समोर कोरा पडदा.

फायरवॉलचे नियम बदलताना 'आयपीटेबल्स-अप्लाय' ही कमांड वापरा: १० सेकंदांत होकार दिला नाही तर जुने नियम परत येतात. नेटवर्कच्या सेटिंगसाठी तसाच 'नेटप्लॅन ट्राय' १२० सेकंद थांबतो. लॉगिनची जुनी खिडकी चालतेय म्हणून निर्धास्त होऊ नका. चालू कनेक्शनला फायरवॉल सहसा अडवत नाही, नवं मात्र अडवेल. दुसऱ्या खिडकीतून नव्याने लॉगिन झालं, तरच पहिली बंद करा.

दर तीन महिन्यांनी मुख्य वाट मुद्दाम बंद करून मागच्या दाराने आत जा. सिम बंद पडलेलं, रिमोट कन्सोलचं लायसन्स नसलेलं, सर्टिफिकेट संपलेलं, हे सगळं त्याच दिवशी सापडतं.